लॉर्ड कॉबम ऊर्फ सर जॉन ओल्डकॅसल

आमच्या खेड्यापाड्यांत अनोळखी मनुष्य आला म्हणजे त्याचे नाव विचारण्यापूर्वी त्याचे कुळ विचारण्याची चाल आहे. ही चाल आमच्याच देशात आहे असे कोणी समजू नये. सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातही मनुष्याची किंमत त्याच्या घराण्यावरून, त्याच्या जमिनीवरून व त्याच्या ढालीवरील चिन्हावरून ठरत असे. उमरावाचा मुलगा उमराव, आणि शेतकऱ्याचा मुलगा त्या उमरावाच्या शेतात राबणारा, असा तेथील जगाचा क्रम होता. अशा काळी एका मोठ्या सरदाराने आपली जहागीर, आपला किल्ला व राजाची मैत्री ही सर्व पणास लावून विणकर, शिंपी व कातडी कमावणारे अशा गरिबांनी उराशी धरलेल्या सुवार्तेचा पक्ष घेतला, आणि अखेरीस त्यापायी फासावर व अग्नीत आपला प्राण दिला. त्याचे नाव सर जॉन ओल्डकॅसल. लॉर्ड कॉबम ह्या पदवीनेही तो इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यात अनुकरण करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ज्यापासून आपण सावध व्हावे असेही एक प्रकरण आहे. ते आम्ही झाकून ठेवणार नाही. कारण पवित्र शास्त्रानेही दावीद राजाचे व पेत्राचे दोष झाकून ठेवले नाहीत.

कुळ व पूर्वज

इंग्लंडच्या पश्चिमेस, वेल्स देशाच्या सरहद्दीला लागून, हियरफर्डशायर नावाचा परगणा आहे. त्यात आमली म्हणून एक खेडे आहे. तेथे ओल्डकॅसल घराण्याची जमीन होती. हे घराणे फार जुने किंवा फार श्रीमंत नव्हते. मोठ्या उमरावांच्या पंक्तीत बसण्याइतकी त्याची योग्यता नव्हती. तथापि परगण्यात त्यास मान होता. जॉनचा आजा, त्याचेही नाव जॉनच, हा तिसऱ्या एडवर्ड राजाच्या अखेरच्या वर्षांत परगण्याच्या वतीने पार्लमेंटात बसला होता. जॉनच्या पित्याचे नाव सर रिचर्ड ओल्डकॅसल. सरहद्दीवरील लोकांना शेत नांगरण्याइतकीच तलवार चालविण्याचीही सवय असावी लागे. त्या मुलखात जॉन लहानाचा मोठा झाला.

तरुणपणी त्याने शिपाईगिरी पत्करली. इ. स. 1400 मध्ये चौथ्या हेन्री राजाने स्कॉटलंडावर स्वारी केली, तीत तो होता. त्याच वर्षी वेल्समध्ये ओवेन ग्लेंडोवर ह्या पुढाऱ्याने इंग्लंडच्या राजाविरुद्ध मोठे बंड उभारले. ते पुष्कळ वर्षे चालले. ते मोडण्याच्या कामी राजाचा वडील पुत्र, युवराज हेन्री, ह्याची नेमणूक झाली होती, आणि त्याच्या हाताखाली ओल्डकॅसलने बिल्थ वगैरे ठिकाणचे किल्ले राखले. तेथेच ह्या दोघांचा स्नेह जुळला. 1404 मध्ये तो आपल्या परगण्यातर्फे पार्लमेंटात निवडून गेला, व त्यानंतर लवकरच त्यास परगण्याचा शेरीफ नेमण्यात आले. शूर, प्रामाणिक व राजाच्या विश्वासातला असा त्याचा लौकिक झाला.

कॉबमचे घराणे

1408 साली त्याच्या दैवाने मोठी उचल खाल्ली. त्या वर्षी त्याने केंट परगण्यातील कॉबम घराण्याची वारस जोन हिच्याशी लग्न केले. हे घराणे खरोखर थोर होते. जोनचा आजा जॉन, तिसरा लॉर्ड कॉबम, हा त्या पिढीतील नामांकित पुरुष. फ्रान्सच्या लोकांनी थेम्स नदीच्या तोंडाशी येऊन गावे जाळली, तेव्हा त्याने किनाऱ्यावरील कूलिंग येथे किल्ला बांधण्यासाठी 1381 मध्ये राजाची परवानगी मिळविली. त्या किल्ल्याच्या दरवाजावर त्याने तांब्याचा एक पत्रा बसविला आणि हा किल्ला देशाच्या साहाय्यासाठी बांधला आहे असे त्यावर कोरून घेतले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, त्या काळी उमराव आपले लेख फ्रेंच किंवा लॅटिन भाषेत कोरीत, पण हा लेख साध्या इंग्रजीत होता. तो अद्याप तेथे आहे. रॉचेस्टर येथील नदीवर दगडी पूल बांधण्यातही ह्या वृद्ध लॉर्डाचा हात होता. 1398 मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाची त्याच्यावर इतराजी होऊन त्यास देशाबाहेर जावे लागले. पुढच्याच वर्षी तो राजा पदच्युत झाला व वृद्ध कॉबम परत आला. 1408 च्या जानेवारीत तो मरण पावला. त्यास मुलगा नव्हता. मुलीची मुलगी जोन हीच सर्व संपत्तीची धनीण झाली.

जोनचे तीन पती ह्यापूर्वी निवर्तले होते. ओल्डकॅसल हा तिचा चौथा पती. ह्या विवाहाने कूलिंगचा किल्ला व केंटमधील मोठी जमीन त्याच्या ताब्यात आली, आणि 1409 पासून राजा त्यास लॉर्ड म्हणून पार्लमेंटास बोलावू लागला. सरहद्दीवरचा साधा सरदार राज्याच्या उमरावांत जाऊन बसला. जगाच्या दृष्टीने पाहता ह्याहून अधिक काय मिळवावयाचे राहिले होते? परंतु ज्या वर्षांत त्याची पदवी वाढत होती त्याच वर्षांत त्याच्या अंतःकरणात दुसरेच काही वाढत होते.

लॉलार्ड लोक

येथे थोडे मागे गेले पाहिजे. ऑक्सफर्डच्या विद्यापीठातील जॉन विक्लिफ नावाचा विद्वान धर्मगुरू 1384 च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी मरण पावला. देवाचे वचन हेच मंडळीचे नियमशास्त्र आहे, व ते प्रत्येक मनुष्याला स्वतःच्या भाषेत मिळाले पाहिजे, असे तो शिकवीत असे. त्या काळी शास्त्र लॅटिन भाषेत होते. नांगर धरणाऱ्या मनुष्याला त्याचा एक शब्दही समजत नसे. विक्लिफच्या अनुयायांनी लॅटिनवरून शास्त्राचे इंग्रजी भाषांतर केले. छापखाने अजून निघाले नव्हते. एकेक प्रत हाताने लिहावी लागे, व पुरी प्रत विकत घेणे गरिबाच्या ऐपतीबाहेरचे होते. म्हणून लोक एखादे शुभवर्तमान किंवा एखादे पत्र, आणि तेही न जमले तर काही पाने, उतरून घेत. रात्री दार लावून एकाने वाचावे व बाकीच्यांनी ऐकून पाठ करावे, असा त्यांचा क्रम असे. ह्या लोकांस त्यांचे शत्रू लॉलार्ड, म्हणजे पुटपुटणारे, असे हिणवून म्हणत.

हे पाहून मोठमोठे धर्माधिकारी घाबरले. 1401 मध्ये पाखंडी ठरलेल्यास जाळण्याचा कायदा झाला, व विल्यम सॉट्री नावाच्या धर्मगुरूस त्याच वर्षी जाळण्यात आले. कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस अरुंडेल ह्याने 1409 मध्ये आज्ञापत्र काढून परवानगीवाचून उपदेश करण्यास व शास्त्राचे इंग्रजी भाषांतर करण्यास किंवा ते वाचण्यास बंदी केली. हा अरुंडेल स्वतः एका अर्लचा मुलगा. तोही वृद्ध कॉबमप्रमाणे रिचर्ड राजाच्या रागास पात्र होऊन परदेशी राहून आला होता. स्वतः छळ सोसलेला मनुष्य दुसऱ्याचा छळ करण्यास मागेपुढे पाहत नाही, हे मनुष्यस्वभावाचे एक दुःखदायक रहस्य आहे.

1410 च्या मार्च महिन्यात लंडनजवळ स्मिथफील्ड येथे जॉन बॅडबी नावाच्या शिंप्यास जाळण्यात आले. युवराज हेन्री तेथे हजर होता. शिंप्याचे ओरडणे ऐकून त्याने आग बाजूस करविली, आणि मत सोडशील तर तुला जन्मभर पगार देईन असे वचन दिले. शिंप्याने ते नाकारले. तेव्हा आग पुन्हा पेटविण्यात आली. ह्या युवराजाच्या अंतःकरणात दया होती, पण आपल्यापेक्षा निराळा विचार करण्याची मोकळीक दुसऱ्यास द्यावी इतकी ती खोल नव्हती. ओल्डकॅसलचा जिवलग मित्र तो हाच.

किल्ल्यातील उपदेशक

ओल्डकॅसलने हे मत केव्हा व कोणाकडून स्वीकारले ह्याचा माग लागत नाही. त्याच्या जन्मभूमीत, वेल्सच्या सरहद्दीवर, लॉलार्ड उपदेशक फार दिवसांपासून फिरत होते एवढे खरे. 1410 मध्ये त्याच्या पत्नीच्या जहागिरीतील कूलिंग वगैरे गावांच्या देवळांतील उपासना आर्चबिशपाच्या हुकुमाने बंद करण्यात आली. कारण लॉर्डाच्या आश्रयाने राहणारा एक उपदेशक परवानगीवाचून तेथे उपदेश करीत होता. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ओल्डकॅसलने दूर बोहेमिया देशातील वोक्सा नावाच्या सरदारास पत्र लिहिले. हा सरदार जॉन हसच्या मित्रांपैकी होता. पुढील वर्षी त्याने बोहेमियाच्या राजासही लिहिले. इंग्लंडात लावलेली ज्योत दुसऱ्या एका देशातही पेटली आहे हे पाहून त्याच्या मनास किती आनंद झाला असेल! ज्या हसच्या कार्यासाठी तो पत्रे लिहीत होता, त्यास 1415 च्या जुलैत कॉन्स्टन्स येथे जाळण्यात आले.

राजा आणि मित्र

1413 च्या मार्चमध्ये चौथा हेन्री वारला आणि युवराज पाचवा हेन्री होऊन गादीवर बसला. आता आपल्या मित्राच्या राज्यात ओल्डकॅसल निर्भय राहील असे कोणासही वाटले असते. परंतु लंडन शहरात पेटरनॉस्टर रो नावाच्या आळीत पोथ्यांवर रंगीत चित्रे काढणाऱ्या एका कारागिराच्या दुकानी लॉलार्ड मताची काही चोपडी सापडली, आणि ती लॉर्ड कॉबमच्या मालकीची आहेत असे कळून आले. ती राजासमोर वाचून दाखविण्यात आली. ती ऐकून राजास धक्का बसला. धर्माधिकाऱ्यांची मागणी होती की चौकशी ताबडतोब सुरू करावी. राजाने त्यांस थांबविले, व मी स्वतः त्याचे मन वळवितो असे सांगितले.

राजाने पुष्कळ खटपट केली. ओल्डकॅसलने उत्तर दिले ते असे की, माझे सर्व धन व माझे शरीर राजाचे आहे, त्याने ते हवे तेव्हा घ्यावे. पण विवेकबुद्धीच्या बाबतीत मला देवाचेच ऐकले पाहिजे. तेव्हा राजाचा स्नेह क्रोधात पालटला. ओल्डकॅसल राजाचा निरोप न घेता विंडसरहून निघाला व कूलिंगच्या किल्ल्यात दरवाजे लावून बसला. आर्चबिशपाने काढलेली समन्से त्याने घेतली नाहीत. शेवटी राजाचे स्वतःचे फर्मान आले, तेव्हा मात्र त्याने मान तुकविली आणि लंडनच्या बुरुजात कैदी म्हणून तो दाखल झाला. धर्माधिकाऱ्याची सत्ता व राजाची सत्ता ह्यांत तो किती काटेकोर भेद करीत असे हे ह्यावरून दिसते.

23 सप्टेंबर 1413 रोजी सेंट पॉलच्या देवळात त्याची चौकशी झाली. आर्चबिशप अरुंडेल मध्यभागी, व लंडन आणि विंचेस्टर येथील बिशप त्याच्या बाजूस, असे न्यायासन मांडले होते. ओल्डकॅसलने आपला विश्वास इंग्रजी भाषेत लिहून आणला होता. त्यात चार कलमे होती. प्रभुभोजनाच्या विधीत ख्रिस्ताचे शरीर भाकरीच्या रूपाने आहे असे तो मानीत असे. ज्यास तारण पाहिजे त्याने पाप सोडून खरा पश्चात्ताप केला पाहिजे असे तो मानीत असे. मूर्ती ह्या केवळ आठवणीसाठी आहेत, आणि देवास द्यावयाचा भाव जो मूर्तीस देतो तो मूर्तिपूजेचे मोठे पाप करतो असे तो म्हणे. आणि यात्रेविषयी त्याचे म्हणणे असे की, देवाच्या आज्ञा जाणून पाळणारा मनुष्य जन्मात एकदाही यात्रेस गेला नाही तरी तारला जाईल, व न पाळणारा सर्व जगभर यात्रा करीत फिरला तरी त्याचा नाश होईल. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी आपल्या आजाच्या किंवा बापाच्या बरोबर यात्रेच्या वाटा तुडविल्या आहेत, त्यांस ह्या शेवटच्या कलमाचे मोल आम्ही सांगावयास नको.

बिशपांचे एवढ्याने समाधान झाले नाही. आशीर्वादानंतर भाकर भाकर राहते की नाही, व धर्मगुरूजवळ पापांगीकार केल्यावाचून तारण होते की नाही, ह्या दोन प्रश्नांची त्यांना सरळ उत्तरे हवी होती. 25 सप्टेंबर रोजी दुसऱ्या बैठकीत त्याने ती दिली. ख्रिस्त जसा एकाच वेळी देव व मनुष्य होता, तसे तेथे ख्रिस्ताचे शरीर आहे आणि भाकरही आहे, असे त्याने सांगितले. आणि पापांची क्षमा करणारा देव आहे, धर्मगुरूचा सल्ला घेणे चांगले असले तरी त्यावाचून तारण नाही हे मी मान्य करीत नाही, असेही सांगितले. त्याच दिवशी त्यास पाखंडी ठरवून राजाच्या अधिकाऱ्यांच्या हवाली करण्यात आले. मत बदलण्यासाठी राजाने त्यास चाळीस दिवसांची मुदत दिली. त्या दिवशी ओल्डकॅसलजवळ तलवार नव्हती, शिपाई नव्हते, किल्ला नव्हता; लिहिलेला एक कागद होता. आमच्या मते त्याच्या सर्व आयुष्यात तो ह्याहून उंच कधी उभा राहिला नाही.

तलवारीचे प्रकरण

आता ते दुःखदायक प्रकरण सांगितले पाहिजे. मुदत संपण्यापूर्वी, 19 ऑक्टोबरच्या रात्री, ओल्डकॅसल बुरुजातून निसटला. ह्या कामी स्मिथफील्ड येथे राहणाऱ्या विल्यम फिशर नावाच्या मनुष्याने त्यास मदत केली. फिशरचा धंदा चर्मपत्रे तयार करण्याचा, म्हणजे जनावरांची कातडी खरवडून, ताणून, लिहिण्याजोगी करण्याचा होता. ज्या पानांवर देवाचे वचन उतरवीत ती पाने अशाच हातांनी तयार होत. ह्या गरीब कारागिराने एका उमरावासाठी आपला जीव धोक्यात घातला, आणि पुढे 1416 मध्ये ह्याच अपराधासाठी त्यास देहान्त शिक्षा झाली. राजवंशांच्या याद्या लिहिणारे ह्या नावाजवळ थांबत नाहीत, आम्ही थांबतो.

निसटल्यावर ओल्डकॅसलने देशातून निघून जाण्याऐवजी बंडाचा मार्ग धरला. गावोगावच्या लॉलार्ड मंडळ्यांस गुप्त निरोप गेले. नाताळानंतरच्या सणात राजा व त्याचे भाऊ एल्थम येथील वाड्यात खेळतमाशात असतील, तेव्हा वेष पालटून आत शिरावे व राजास पकडावे, आणि इतरांनी लंडनच्या पश्चिमेस सेंट जाइल्सच्या मैदानात जमावे, असा बेत ठरला. काही भक्तिमान लेखकांनी पुढे लिहिले की हा बेत शत्रूंनी रचलेली खोटी गोष्ट आहे, लोक फक्त उपदेश ऐकावयास जमले होते. आम्हांसही तसे मानावयास आवडले असते. परंतु त्या वेळचे सरकारी कागद पाहता बंड खरोखर झाले असे मानल्यावाचून गत्यंतर नाही.

फितुरांनी राजास आधीच खबर दिली. तो एल्थमहून वेस्टमिन्स्टर येथे आला, आणि 1414 च्या जानेवारीच्या 9 व 10 तारखांच्या मधल्या रात्री त्याने शहराच्या वेशी बंद करून मैदानावर फौज ठेविली. निरनिराळ्या परगण्यांतून पायी चालत आलेले विणकर, सुतार व शेतकरी अंधारात टोळीटोळीने येत गेले व शिपायांच्या हाती सापडत गेले. त्यांची संख्याही मोठी नव्हती. लढाई अशी झालीच नाही. चार दिवसांत त्याच मैदानात फाशीचे खांब उभे राहिले, आणि तीसचाळीस माणसे लटकविण्यात आली. त्यांपैकी काहींस पाखंडी म्हणून फासासकट जाळण्यात आले. डन्स्टेबल गावचा विल्यम मर्ल नावाचा श्रीमंत मद्यविक्या ह्यांत होता. बखरकार सांगतात की, विजय झाल्यावर आपणांस सरदारकी मिळेल ह्या आशेने त्याने सोन्याचा मुलामा दिलेल्या टाचा छातीशी लपवून आणल्या होत्या. त्यासही तेथेच फाशी झाली.

ह्या गोष्टीचा विचार करताना आमचे मन जड होते. त्या मैदानात मेलेल्या लोकांपैकी बहुतेकांनी कोणाचे काही वाईट केले नव्हते. आपल्या भाषेत देवाचे वचन वाचावे एवढीच त्यांची मूळची इच्छा. त्यांनी आपल्या पुढाऱ्यावर भरवसा ठेवला, आणि पुढाऱ्याने त्यांस अशा वाटेने नेले की जिकडे प्रभूने आपल्या शिष्यांस कधी पाठविले नाही. गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार उपसली तेव्हा प्रभूने ती म्यानात घालावयास लावली, व कापलेला कान बरा केला. ओल्डकॅसल जन्मभर शिपाई होता. संकट आले तेव्हा त्याचा हात जुन्या सवयीने तलवारीकडे गेला. त्याचा छळ अन्यायाचा होता ह्यात संशय नाही. तथापि त्याच्या बंडामुळे शत्रूंस म्हणावयास मिळाले की, शास्त्र वाचणारे लोक म्हणजे राजद्रोही लोक. त्याच वर्षी लेस्टर येथे भरलेल्या पार्लमेंटाने कायदा करून राज्याच्या लहानमोठ्या सर्व अधिकाऱ्यांस लॉलार्डांचा शोध करण्याचे काम लावले. जे सरदार आतापर्यंत आडून मदत करीत होते ते दूर झाले. पुढील शंभर वर्षे ही ज्योत केवळ गरिबांच्या झोपड्यांतच जळत राहिली.

चार वर्षांचा अज्ञातवास

स्वतः ओल्डकॅसल त्या रात्री निसटला. त्यास पकडून देणाऱ्यास मोठे बक्षीस देण्याचा जाहीरनामा निघाला. तरी जवळजवळ चार वर्षे कोणी त्यास धरून दिले नाही. ह्याच काळात, 1415 च्या ऑक्टोबरात, त्याच्या जुन्या मित्राने फ्रान्समध्ये आजिंकूरची प्रसिद्ध लढाई जिंकली. इकडे राजाचा तो सोबती रात्री प्रवास करीत व दिवसा लपत कालक्रमणा करीत होता. सेंट ऑल्बन्स येथील मठाच्या जमिनीवर राहणाऱ्या एका गरीब कुळाच्या घरी तो काही दिवस लपला होता. मठाधिपतीच्या माणसांनी रात्री त्या घरास वेढा दिला, तेव्हा तो सापडला नाही. काही पुस्तके मात्र सापडली. ज्याने त्यास घरात घेतले त्याच्यापाशी किल्ला नव्हता, ढालीवर चिन्ह नव्हते. एक छप्पर होते, ते त्याने दिले.

1417 च्या अखेरीस वेल्समध्ये, पॉवीस प्रांतात, तेथील लॉर्ड एडवर्ड चार्लटन ह्याच्या लोकांनी त्यास गाठले. तो सहजासहजी हाती लागला नाही. झटापटीत त्यास जबर जखमा झाल्या, म्हणून त्यास घोड्यांच्या डोलीत घालून लंडनास आणावे लागले. राजा त्या वेळी फ्रान्समध्ये स्वारीवर होता. 14 डिसेंबर 1417 रोजी ओल्डकॅसलास पार्लमेंटापुढे उभे करण्यात आले. राजद्रोही व पाखंडी ह्या दोन्ही नात्यांनी त्यास शिक्षा सांगण्यात आली, आणि त्याच दिवशी सेंट जाइल्सच्या मैदानात त्यास नेण्यात आले. जेथे त्याच्या सांगण्यावरून आलेली गरीब माणसे चार वर्षांपूर्वी मेली होती, तेथेच त्यास फासावर लटकवून खाली आग पेटविण्यात आली, व फासाच्या खांबासकट त्याचे शरीर जाळण्यात आले.

वंशाचे पुढे काय झाले

त्याच्या कुळाची हकीकत थोडक्यात सांगतो. त्याच्या पहिल्या लग्नाचा मुलगा हेन्री हा पुढे हियरफर्डशायरतर्फे पार्लमेंटात बसला. जोनने पाचवे लग्न केले, व 1434 मध्ये ती वारली. कॉबमच्या देवळात पितळी पत्र्यावर कोरलेली तिची आकृती आहे. तिच्या आधीच्या पतीपासून झालेली मुलगी, तिचेही नाव जोनच, ही वारस झाली. तिचे लग्न ब्रुक घराण्यात झाले होते, म्हणून कॉबमची पदवी ब्रुक घराण्याकडे गेली. ते पुढे दीडशेवर वर्षे नांदले. परंतु 1603 मध्ये अकरावा लॉर्ड हेन्री ब्रुक हा नवीन राजाविरुद्धच्या कटात सापडला, आणि त्याची पदवी व जमीन जप्त झाली. कूलिंगचा किल्ला आज पडका आहे.

ओल्डकॅसलच्या नावाचीही पुष्कळ विटंबना झाली. त्याच्या मरणानंतर सुमारे 180 वर्षांनी शेक्सपियर नावाच्या प्रसिद्ध नाटककाराने पाचव्या हेन्रीच्या तरुणपणावर नाटक लिहिले, त्यात राजाचा सोबती म्हणून एक लठ्ठ, दारूबाज व भित्रा सरदार रंगविला, व त्यास प्रथम ओल्डकॅसल हेच नाव दिले. पुढे त्यास ते बदलून फॉलस्टाफ असे करावे लागले, आणि ओल्डकॅसल हा रक्तसाक्षी होऊन मेला, हा तो मनुष्य नव्हे, असा खुलासाही दुसऱ्या भागाच्या शेवटी घालावा लागला. ह्याच्या उलट, धर्मसुधारणेच्या काळी जॉन बेल ह्याने 1544 मध्ये व जॉन फॉक्स ह्याने 1563 मध्ये त्याचे चरित्र लिहून त्यास रक्तसाक्ष्यांत गणिले. एकाने हसावयास लावले, दुसऱ्यांनी निर्दोष केले. खरा मनुष्य ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा आहे, आणि देव त्यास ओळखतो.

आम्ही काय शिकावे

प्रिय वाचकहो, ह्या चरित्रातून आम्ही तीन गोष्टी घ्याव्या. पहिली ही की, सुवार्तेपुढे कुळाचा उंचनीचपणा टिकत नाही. ज्या सभेत लॉर्ड कॉबम बसत असे त्याच सभेत शिंपी व कातडी कमावणारा बसत असे, आणि सर्वांच्या मध्ये एकच पुस्तक उघडलेले असे. आमच्या मंडळ्यांत अजूनही कोणी आपल्या मूळच्या जातीचा अभिमान धरून दुसऱ्यापासून वेगळा बसत असेल, तर त्याने ओल्डकॅसल व विल्यम फिशर ह्या दोघांची नावे एकत्र आठवावी.

दुसरी गोष्ट विशेषेकरून आमच्या उपदेशक बंधूंसाठी आहे. तुमच्या शब्दावर भरवसा ठेवून साधी माणसे तुमच्या मागे येतात. गावात तंटा उपस्थित झाला, विहिरीवरून किंवा शेताच्या बांधावरून मंडळीस त्रास झाला, म्हणजे क्रोधाने उत्तर देण्याचा मोह होतो, आणि पुढाऱ्याच्या क्रोधाची किंमत बहुधा त्याच्या मागे असलेला गरीब देतो. अन्यायाविरुद्ध सत्य बोलावे, न्यायासनापुढे उभे राहावे, हे ओल्डकॅसलने सेंट पॉलच्या देवळात केले व ते योग्य केले. सेंट जाइल्सच्या मैदानाची वाट मात्र आपण धरू नये.

तिसरी गोष्ट ही की, देवाचे कार्य मनुष्याच्या चुकीनेही बुडत नाही. 1428 मध्ये विक्लिफची हाडे उकरून जाळली व राख नदीत टाकली. आता हे मत संपले असे पुष्कळांस वाटले. तरी विणकरांच्या घरी पाने उतरविणे व पाठ करणे चालूच राहिले. 1526 मध्ये विल्यम टिंडल ह्याचा इंग्रजी नवा करार छापून निघाला, आणि 1539 मध्ये राजाज्ञेने इंग्रजी शास्त्राची मोठी प्रत देवळांत ठेवण्यासाठी छापण्यात आली. ज्या पुस्तकासाठी ओल्डकॅसल मेला ते त्याच्या मरणानंतर 122 वर्षांनी प्रत्येक खेड्यातील देवळात उघडे पडले.

आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांच्या घरी तेच शास्त्र आमच्या भाषेत आहे. ते घेण्यासाठी आम्हांस दार लावावे लागत नाही, रात्रीची वाट पाहावी लागत नाही, एक पान उतरून घेण्यासाठी जीव धोक्यात घालावा लागत नाही. कदाचित ह्यामुळेच ते पुष्कळ घरी फडताळात धूळ खात पडलेले असते. ज्यांनी ते पाठ करून अंधारात एकमेकांस ऐकविले, त्यांची आठवण धरून आम्ही ते आज संध्याकाळी दिव्याजवळ उघडावे, आणि घरातील ज्यास वाचता येत नाही त्यास मोठ्याने वाचून दाखवावे. प्रभू आम्हां सर्वांस तशी बुद्धी देवो.